अध्यक्ष सज्जन आहेत, गच्ची गळतेच आहे

प्रश्न : आमच्या सोसायटीचे अध्यक्ष अगदी निःस्पृह आहेत. पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनदा करूनही वरच्या मजल्यावर ओल येतेच. सभेत कारण विचारलं की "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणतात. काय करावं? (एक सभासद, मुलुंड)

उत्तर : विश्वास जरूर ठेवा, पण निदान मागा. ओल फक्त पावसाळ्यात येते की बारमाही, हे आधी पाहा. बारमाही असेल तर संशय टाकी आणि पाइपांवर. पावसाळीच असेल तर मे महिन्यात चाचणी घ्या: गच्चीचे निचऱ्याचे पाइप बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवायचं आणि खालच्या छतावरच्या डागांची कड पेन्सिलीने आखून ठेवायची. दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो भार. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करू नका. डाग आखलेल्या रेषेबाहेर पसरला तर दोष गच्चीत. नाही पसरला, तर पाणी बहुधा कठड्याच्या बाहेरच्या भेगांतून किंवा भिंतीतून शिरतंय. मग वर कितीही थर चढवा, उपयोग शून्य. कंत्राटदार मात्र थरच सुचवणार, कारण बिल चौरस फुटावर निघतं.

सभेपुढे येणाऱ्या ठरावात चार गोष्टी लेखी मागा. दोष कुठे आहे? तो कसा ठरवला? दुसरा उपाय का नाकारला? आणि काय दिसलं तर हा उपाय फसला असं धरायचं? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक समित्या बगल देतात. तोच धरून ठेवा. तीन कोटेशनं घेतली की काम झालं, हा आणखी एक गैरसमज. प्रत्येकाचं क्षेत्रफळ, थराची जाडी आणि साहित्य वेगळं असेल तर त्यांची तुलनाच होत नाही. इंजिनिअरकडून कामाचा तपशील आधी लिहून घ्या, मग दर मागवा. बिलातली काही रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा.

प्रश्न : पण लोक तर्काने चालतात कुठे? नेत्याच्या शब्दावरच चालतात ना? (एक वाचक, दादर)

उत्तर : दोन्ही लागतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार असलेल्या कैद्यांना टोचली, बाकीच्यांना नाही. दोन्ही गट एकाच आवारात राहणारे, म्हणून आजाराच्या प्रमाणातला फरक लशीचा आहे असं म्हणता आलं. तरीही लोक बिचकत होते. इस्माइली खोजांचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी ती चारचौघांत टोचून घेतली आणि अनुयायांना तसं करायला सांगितलं.

त्याच काळात सरकारने घरझडत्या आणि सक्तीचं विलगीकरण चालवलं. रुग्णाला वेगळं ठेवणं सर्वस्वी चूक नव्हतं. पण घरच्यांना न विचारता, न समजावता माणूस उचलून नेला जाई. मार्च १८९८ मध्ये शहरात दंगल उसळली. त्याआधीपासूनच लोक आजारी माणसं लपवू लागले होते, त्यामुळे रोग नेमका कुठल्या गल्लीत आहे हेच सरकारला धड कळेना.