व्हिलनला हवंय तरी काय?

प्रश्न : मी सुपरहिरोची गोष्ट लिहितोय. हिरो सांगलीचा, उडतो, एका हाताने ट्रक उचलतो. व्हिलनला सगळं जग संपवायचंय. मित्र म्हणाला, जग संपल्यावर हा राहणार कुठे? तिथेच अडकलोय. शिवाय हिरोत एवढी पॉवर की दोन पानांत मारामारी खल्लास. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी त्या मित्राला चहा पाजा. जग संपवणं हा प्लॅन नाही हो, नुसता राग झाला. १९७८ चा 'सुपरमॅन' परत बघा. त्यातल्या लेक्स ल्युथरला जमिनीत पैसा करायचाय, बस. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास नावाची भूकंपाची भेग आहे, तिच्या पूर्वेची वाळवंटी जमीन हा स्वस्तात घेऊन ठेवतो आणि मग भेगेवर मिसाइल, म्हणजे पश्चिमेचा किनारा समुद्रात आणि याचं वाळवंट एकदम सी-फेसिंग! विज्ञानाच्या नावाने बोंबच आहे, तिथल्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात, असा तुकडा बुडत नाही, पण हायवे जाहीर व्हायच्या आधी जमिनी कोण घेऊन ठेवतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहितीये, त्यामुळे हाव लगेच पटते.

आणि हिरोच्या पॉवरचं म्हणाल तर तिथे मिसाइलं दोन, उलट्या दिशांना. दुसरं न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅककडे. नेमकी तिथेच ल्युथरच्या साथीदारणीची आई राहते, म्हणून ल्युथरने अडकवलेल्या सुपरमॅनला ती सोडवते, पण आधी तिकडचं थांबव असं वचन घेऊनच. मग कॅलिफोर्नियाला उशीर होणारच ना.

तुमच्याकडे तर हे आयतं पडलंय. कृष्णाकाठी पूर (२०१९ विसरला नसाल), पूर्वेला जत कोरडं. व्हिलनला टँकरचा धंदा द्या आणि ढग ढकलायचं मशीन द्या. जतचे ढग सांगलीवर, तिकडे टँकरचे रेट डबल, इकडे आयर्विन पुलाखाली पाणी चढतंय, आणि हिरो काय ढगाला बुक्की मारणार? मशीन कसं चालतं यात पानं घालवू नका प्लीज, एका ओळीत उरका. त्यापेक्षा टँकरचा ड्रायव्हर नीट लिहा. जतचाच पोरगा. मालकाने सांगितलंय उधारी बंद, हा पाइप सोडतो तर लाइनीत घागर घेऊन स्वतःची आई. मशीन कुठल्या शेडमध्ये आहे ते त्याला माहितीये.

ट्रक उचलायचा सीन ठेवायचाच असेल तर टँकर उचलू दे. भरलेला असेल तर सरळ धरायला सांगा, पाणी सांडेल.