प्रार्थना केली, मग पहारा कशाला?

प्रश्न : दारू सुटावी म्हणून रोज सकाळी प्रार्थना करतो, तरी संध्याकाळी पाय गुत्त्याकडे वळतातच. माझा विश्वास कमी पडतो का?

उत्तर : तसे मला वाटत नाही. बायबलमध्ये, यरुशलेम शहराचा कोट बांधताना शत्रू चालून येणार हे कळताच यहुदी पुढारी नहेम्याने देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला (नहेम्या 4:9). त्यामुळे त्याचा विश्वास उणा ठरला नाही. प्रेषित पौलही फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, आपले तारण साधून घ्यायला सांगतो आणि लगेच, इच्छा व कृती दोन्ही देवच घडवतो, असे जोडतो (फिलिप्पैकरांस पत्र 2:12-13). तेव्हा परतीचा रस्ता बदला, पगार घरच्यांच्या हाती द्या, पाळकांना विश्वासात घ्या. पिणे फार असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, कारण दारू एकाएकी तोडल्यास झटके येऊ शकतात. सकाळची प्रार्थना चालू ठेवा. पण कामावरून सुटण्याच्या वेळीही, दोन मिनिटे का होईना, करा.