एचआयव्हीविषयी तरुणांना भीतीपलीकडे नेमके काय माहीत असायला हवे?

शाळा-कॉलेजातली व्याख्याने ऐकून 'सावध राहा' एवढे पाठ झाले, पण प्रत्यक्ष प्रसंग ओढवला तर काय करायचे हे कोणीच सांगितले नाही, अशी तुमची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. मी एचआयव्ही तपासणीसाठी येणाऱ्यांचे समुपदेशन करते. माझ्या मते तरुणांमध्ये भीतीची वाण नाही. वाण आहे ती वेळेच्या हिशोबाची. कोणत्या उपायासाठी किती तास हाती असतात आणि कोणत्या चाचणीसाठी किती आठवडे थांबावे लागते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

संसर्गाचे मार्ग बहुतेकांना माहीत असतात, म्हणून ते थोडक्यात सांगते. कंडोमविना केलेला योनीमार्गाचा किंवा गुदमार्गाचा संभोग, दुसऱ्याने वापरलेली सुई-सिरिंज, बाधित रक्त आणि गरोदरपण, प्रसूती किंवा स्तनपान यांतून आईकडून बाळाला होणारी लागण, हेच ते मुख्य मार्ग आहेत. डास चावल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा मिठी मारल्याने एचआयव्ही होत नाही.

आता तासांचा हिशोब. कंडोम फाटला, तो वापरलाच गेला नाही किंवा जबरदस्ती झाली, तर 'पेप' नावाचा औषधोपचार उपलब्ध असतो. तो ७२ तासांच्या आत सुरू करावा लागतो आणि पुढे २८ दिवस रोज घ्यावा लागतो. ही मुदत कोणी मनाने ठरवलेली नाही. शरीरात शिरलेला विषाणू आधी त्या जागेच्या पेशींमध्ये वाढतो आणि मग लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचून सर्वत्र पसरतो. एकदा त्याने पेशींच्या डीएनएमध्ये आपली जनुकीय सामग्री घुसवली की आजची नेहमीची औषधे त्याला दाबून ठेवू शकतात, तेथून उपटून काढू शकत नाहीत. म्हणून ७२ तास ही शेवटची मर्यादा समजावी. पहिल्या काही तासांत घेतलेली गोळी अधिक मोलाची असते. दुर्दैवाने हेच तास लोक मोबाईलवर लक्षणे शोधण्यात घालवतात, आणि पहिल्या तीन दिवसांत शोधण्यासारखे लक्षण बहुधा नसतेच.

चाचणीचे गणित याच्या उलट आहे. तेथे घाई उपयोगाची नाही. संबंधानंतर दुसऱ्या दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह आली तर ती त्या रात्रीविषयी काहीच सांगत नाही. प्रयोगशाळेत शिरेतल्या रक्तावर होणारी अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी (अँटिजेन म्हणजे विषाणूचा अंश, अँटिबॉडी म्हणजे त्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) साधारणपणे १८ ते ४५ दिवसांत संसर्ग ओळखते, तर बोट टोचून केलेल्या अँटिबॉडी चाचणीला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. लागण झाल्यापासून चाचणीत ती दिसेपर्यंतचा हा काळ म्हणजेच 'विंडो पिरियड'. पट्टीवरच्या चाचणीत रक्ताचा एक थेंब आणि द्रावणाचे काही थेंब टाकून थोडा वेळ वाट पाहायची असते. चाचणी नीट झाली हे दाखवणारी नियंत्रणाची रेघ उमटली नाही तर ती पट्टी बाद समजावी, आणि संसर्ग दाखवणारी दुसरी रेघ अगदी फिकट असली तरी ती आहेच असे धरून खात्रीची पुढील चाचणी करावी. केवळ एका पट्टीवरून कोणालाही बाधित ठरवले जात नाही.

लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी काहींना ताप, घसादुखी किंवा अंगावर पुरळ येते आणि ते आपोआप जाते. नेमक्या याच काळात रक्तातील विषाणूचे प्रमाण प्रचंड असते. त्यानंतर कित्येक वर्षे काहीही जाणवत नाही, त्यामुळे 'तो तर चांगला धडधाकट दिसतो' या निकषाला काडीचाही अर्थ नाही.

येथे माझे एक मत आग्रहाने मांडते: तरुण मुले चुकीच्या माणसाला घाबरतात. नियमित औषध घेणाऱ्या आणि ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नाही अशा बाधित जोडीदाराकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे अशा जोडप्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासांत स्पष्ट झाले आहे. धोका अधिक आहे तो कधीच चाचणी न केलेल्या आणि 'मला काही नाही' असे छातीठोकपणे सांगणाऱ्याकडून.

प्रतिबंधात कंडोमचे स्थान आजही पहिले आहे, परंतु तो वापरण्याची रीत कोणी शिकवत नाही. पाकिटावरची मुदत पाहावी, ते दातांनी फाडू नये, चढवताना टोकाची जागा चिमटीत धरून हवा काढावी, आणि लॅटेक्सच्या कंडोमला तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, कारण त्याने रबर कमकुवत होते. ज्यांना वारंवार धोका संभवतो त्यांच्यासाठी 'प्रेप' आहे. ही गोळी रोज न चुकता घेतल्यास शरीरसंबंधातून होणाऱ्या लागणीचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी घटतो. २०२५ मध्ये अमेरिकेत वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाविर या इंजेक्शनलाही मान्यता मिळाली. मात्र प्रेप सिफिलिस, गनोरिया किंवा गर्भधारणा रोखत नाही, आणि ती सुरू करण्यापूर्वी चाचणी निगेटिव्ह असणे आवश्यक असते.

तुमचा प्रश्न केवळ माहितीसाठी असेल तर वरचे पुरेसे आहे. परंतु गेल्या तीन दिवसांत काही घडलेले असेल, तर रात्र असली तरी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे आणि डॉक्टरांना एवढेच सांगावे: अमुक वेळी असुरक्षित संबंध आला, मला पेप हवे आहे. चाचणीसाठी रक्त घेतील, पण अहवाल येईपर्यंत पहिली गोळी थांबवून ठेवू नये, असा आग्रह अवश्य धरावा.