लोगो येतो, मग निळी स्क्रीन. विंडोज परत टाकताना सी ड्राइव्हमधले फोटो वाचतील का?

तुम्ही लिहिलंय की लोगो येतो, ठिपके गोल फिरतात, निळी स्क्रीन येते आणि लॅपटॉप पुन्हा रीस्टार्ट होतो. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. मारा, पण सगळ्यात शेवटी. फोटो बहुधा जागेवरच आहेत.

आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा लॅपटॉपचा मूळ सेटिंगचा भाग) जाऊन तुमची एसएसडी किंवा हार्ड डिस्क यादीत दिसते का ते बघा. दिसत नसेल तर विंडोज टाकून काहीच होणार नाही, दोष डिस्कचा किंवा तिच्या जोडणीचा आहे. डिस्क कटकट आवाज करत असेल तर मशीन बंदच ठेवा.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि त्याने किमान ८ जीबीचा, विंडोज टाकण्याचा पेनड्राइव्ह बनवा. त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं. लॅपटॉप चालू करताना डेल, लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९ दाबत राहा. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर 'यूईएफआय' लिहिलेला निवडा. दुसरा निवडलात की पुढे डिस्क 'जीपीटी' (विभागणीची नवी पद्धत) आहे म्हणून सेटअप अडतो.

भाषेची स्क्रीन आली की थांबा. शिफ्ट आणि एफ१० दाबा (काही लॅपटॉपवर एफएनसुद्धा), काळी खिडकी उघडेल. तिथे इंग्रजीत notepad टाइप करून एंटर. फाइल, मग ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर फोल्डर रिकामे वाटतात आणि लोक उगाच घाबरतात. इथे सी ड्राइव्हला डी किंवा ई असं अक्षर मिळालेलं असू शकतं, म्हणून 'युजर्स' फोल्डर कुठे आहे ते शोधा. राइट क्लिक करून कॉपी, आणि बाहेरून लावलेल्या दुसऱ्या डिस्कवर पेस्ट. प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी होते. हात लावू नका, चालू असतं. ड्राइव्हवर कुलूप दिसलं तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, चालू आहे. ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधा. ती हाती नसताना फॉरमॅट केलात तर फोटो गेले.

इन्स्टॉल करताना डिस्कची यादीच रिकामी आली, तर इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर बहुतेकदा व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) आडवं येतं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, फाइल उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'ने दाखवा. यादी दिसली की आकार बघून जुन्या विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) ओळखा आणि फक्त तेच फॉरमॅट करा. डी मध्ये डेटा असेल तर त्याला धक्का लावू नका. सगळं बाहेर काढलं असेल तर त्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं डिलीट करून मोकळ्या जागेवर नेक्स्ट दाबणं मला जास्त पसंत, जुना कचरा राहत नाही.

विंडोजची प्रॉडक्ट की मागितली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा, पण आवृत्ती आधीचीच घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपना होम सिंगल लँग्वेज येते, तिथे प्रो टाकलीत तर अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही. पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढा, नाहीतर सेटअप पहिल्यापासून सुरू होऊ शकतो. शेवटी वायफाय दिसलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू करा.