यावल अभयारण्यात स्वतःची गाडी नेऊन टेंट टाकता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की चार मित्र, एक फोर बाय फोर गाडी, जानेवारीत जळगाव जिल्ह्यातल्या पाल गावाकडे यावल अभयारण्यात एक रात्र टेंट टाकायचा, गाडी नदीत उतरवायची, चुलीवर भरीत करायचं, जमलं तर ड्रोन उडवायचा, तर परवानगी लागते का आणि कोणी अडवतं का.

अडवतात का, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, अडवतात. नाक्यावर कोणी नसलं म्हणून आत कोणी नाही असं समजू नका भाऊ, रात्री जंगलात टॉर्चचा उजेड आणि गाडीचा आवाज लांबूनच कळतो, आणि गार्डच्या आधी पाड्यावरच्या लोकांना कळतो.

आता परवानगीचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरायलाच मनाई आहे. सूट कोणाला, तर ड्युटीवरचा सरकारी माणूस, आत ज्याची स्वतःची जमीन आहे तो आणि त्याच्या घरचे, आणि सार्वजनिक महामार्गाने नुसता पार होणारा. सगळ्यांचा घोळ या शेवटच्या मुद्द्यावर होतो, म्हणजे रस्त्याने कोणी काही बोललं नाही म्हणून पुढे एखादी बैलगाडीची वाट दिसली की त्यात गाडी घातली, तर तिथं तुमची सूट संपली राव. रस्ता सोडला की तुम्ही परवान्याशिवाय आत शिरलेले, मग गाडी कितीही भारी असो. पर्यटनासाठी, फोटोग्राफीसाठी, अभ्यासासाठी परवाना मिळतो, कलम २८ मध्ये तशी सोय आहे, पण तो दिवसा फिरण्यापुरता आहे की आणखी कशाला आणि कुठल्या रस्त्यापुरता, ते परवान्यावर वाचून घ्यायचं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही (२०२२ च्या दुरुस्तीआधी हा दंड २५ हजार होता), आणि गुन्ह्यात वापरलेली गाडी जप्त होऊ शकते. लोक दंडाला घाबरत नाहीत पण गाडी गेली तर हप्ते चालूच राहतात, तेवढा विचार करा.

विचारायचं कुठं, तर यावल नावाचा प्रादेशिक वन विभाग वेगळा आणि यावल अभयारण्य बघणारी वन्यजीव शाखा वेगळी. चुकीच्या ऑफिसात फोन केला की "आमच्याकडे येत नाही" एवढंच ऐकायला मिळतं. तुम्हाला वन्यजीववाले पाहिजेत, म्हणजे पालचं रेंज ऑफिस, तिथल्या आरएफओ (वनक्षेत्रपाल) साहेबांना आधी फोन करून गाडी नंबर, माणसं, तारीख सांगून विचारा. आणि अभयारण्य नको म्हणून तोरणमाळच्या बाजूला कुठंही तंबू ठोकू असंही नका धरू, राखीव वन असलं तर तिथं भारतीय वन अधिनियम १९२७ लागतो, आगीबद्दल तो पण कडकच आहे. पाटणादेवीला दर्शनाला सगळेच जातात पण तोही भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा, देवळापर्यंत जाऊन यायचं, पुढच्या दरीत मुक्काम करायचा नाही.

आता खरं सांगायचं ते आगीबद्दल. सातपुड्यातलं आपलं जंगल कोरडं पानगळीचं, साग, सालई, धावडा, अंजन. जानेवारीनंतर सागाची पानं पडायला लागतात आणि खाली पापडासारखा थर साचतो, त्यात वाळलेलं गवत, त्यावर खान्देशातलं ऊन. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं, त्याआधी जाळरेषा काढतात म्हणजे पट्टा साफ करून ठेवतात की आग पलीकडे जाऊ नये. तुमचा प्लॅन जानेवारीतून होळीकडे सरकला तर तो टळलेलाच बरा. चुलीचं तर सोडाच, गरम सायलेन्सर वाळल्या गवतावर टेकला तरी पेट घेऊ शकतो, म्हणून गाडी उभी करताना खाली वाकून बघायचं की माती आहे का गवत, पाचोळा अडकला असेल तर गाडी थंड झाल्यावर काढून टाकायचा. वन्यजीव कायद्याच्या कलम ३० मध्ये आगीचं वेगळं लिहिलंय, अभयारण्याला धोका होईल अशी आग लावायची नाही आणि जळती ठेवून जायचंही नाही. मोहफुलं वेचणारे खालचा पाला जाळतात, मग आम्हीच काय पाप केलं असं लोक म्हणतात, पण त्यासाठी तेही वनखात्याची बोलणी खातातच, आणि ते तिथं राहतात, वणवा लागला तर विझवायलाही तेच धावतात, तुम्ही तेव्हा जळगावात एसीत असाल.

नदीत गाडी उतरवणं तर एकदम नको. जानेवारीत पाणी कमी होऊन डबकी उरतात आणि जनावरं रात्री तिथंच येतात, बिबट्यापासून रानडुकरापर्यंत. दिवसा रस्त्याने चालताना सुद्धा हॉर्न नाही, गाणी नाहीत, माकडांना खायला टाकायचं नाही, कचरा टाकणं तर कलम २७ मध्येच गुन्हा धरलाय.

मग भरीत पार्टीचं काय? ती शेतात करा ना भो. जानेवारीत बामणोदची वांगी मिळतात, सावदा-फैजपूर भागात ओळखीच्या कोणाचं तरी शेत निघतंच, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजा, टेंट बांधावर टाका, कोणी विचारणार नाही, आणि सकाळी लवकर उठून परवाना असलेल्या गाडीने पालकडे फिरून या. अभयारण्याला लागूनच मुक्काम पाहिजे असेल तर वनखात्याच्या विश्रामगृहाचं त्याच फोनवर विचारून घ्या, शनिवार-रविवार सोडून विचारलं तर मिळायची शक्यता जास्त.

ड्रोनचं राहिलं. परवानगीशिवाय नाही, आणि ती मागायला गेलात तर कशासाठी ते विचारतील, "रील" हे उत्तर तिथं चालत नाही.