आधी कागद, मग तास, मग नंबर

तू ताई म्हणून विचारलंस, म्हणून घरच्यासारखं आणि सविस्तर लिहिते. तुझ्याकडे डीजीसीएचं, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाचं, कमर्शियल लायसन्स आहे, लॉगबुकात २१५ तास आहेत आणि दोन वर्षं तू नोकरीची वाट पाहतो आहेस. अमेरिकेतला मामा म्हणतो, इकडे ये, रीजनल एअरलाइन्सना पायलट मिळत नाहीत. घर गहाण टाकून इथल्या फ्लाइंग स्कूलमध्ये प्रवेश घ्यायचा विचार आहे. रीजनलमधलं, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठी छोटी विमानं चालवणाऱ्या या कंपन्यांमधलं, आयुष्य कसं असतं आणि तिथून मोठ्या कंपनीत जाता येतं का, हे तुला माझ्याकडून हवं आहे.

मी रीजनलमध्येच एम्ब्रेअर १७५ या छोट्या जेटवर कॅप्टन आहे. २०१४ मध्ये लग्नानंतर ग्रीन कार्डावर आले, सव्वीस महिने फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होते, २०१८ मध्ये रीजनलला लागले. काम मला मनापासून आवडतं. तरीही तुझ्या प्रश्नाचा क्रम मी बदलणार आहे. आयुष्य कसं असतं हे नंतर. त्या घराचा कागद बँकेत जाण्याआधी कळायला हवं ते वेगळंच आहे.

इथल्या रीजनल कंपन्या नोकरी देताना अमेरिकेत कायमस्वरूपी काम करण्याचा हक्क मागतात. म्हणजे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व. सॉफ्टवेअरवाले ज्या एच-१बी वर येतात तो व्हिसा ज्या कामाला पदवी अनिवार्य असते अशा कामासाठी आहे. विमान उडवायला कायद्याने पदवी लागत नाही, त्यामुळे पायलटला तो दरवाजा जवळपास बंदच. पायलटटंचाईच्या काळात काही रीजनल्सनी परदेशी पायलट आणले हे खरं, पण ते ऑस्ट्रेलियन होते. त्यांच्यासाठी ई-३ नावाचा वेगळा व्हिसा आहे, आपल्यासाठी नाही. ‘राष्ट्रहिता’च्या कारणावरून ईबी-२ मधून पायलटला ग्रीन कार्ड मिळवून देतो अशा वकिलांच्या जाहिराती तू पाहिल्या असशील. अर्ज मंजूर होऊही शकतो. पण ती रांग जन्माच्या देशाप्रमाणे लागते आणि भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. अर्ज मंजूर होणं आणि कार्ड हातात पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जाहिरातीत पहिलीच सांगतात.

मामाबद्दल सांगताना वाईट वाटतं, कारण त्याची माया खरी असणार. पण मामा भाच्याला स्पॉन्सर करू शकत नाही. नागरिक असेल तर तो बहिणीसाठी, म्हणजे तुझ्या आईसाठी अर्ज करू शकतो. तीही रांग कित्येक वर्षांची, आणि तुझा नंबर तिच्यासोबत लागायला तू २१ च्या आत असावा लागतोस. तुझं वय तू लिहिलं नाहीस, पण लायसन्स घेऊन दोन वर्षं झाली म्हणजे अंदाज येतो.

राहिला विद्यार्थी व्हिसा. त्यावर शिकता येतं, पण शिक्षणानंतर काम करण्याची मूळ मुदत पदवीवाल्या एफ-१ ला १२ महिने आणि नुसत्या फ्लाइंग कोर्सच्या एम-१ ला जास्तीत जास्त ६ महिने. इथे तासांचं गणित आडवं येतं.

एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये, को-पायलटच्या उजव्या सीटवरसुद्धा, बसायला इथे एटीपी (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट) लायसन्स लागतं आणि त्याला १५०० तास. मान्यताप्राप्त कॉलेजातून विमानचालनाची पदवी घेतली तर १०००. आपल्याकडे दोनशे तासांवर एअरबसच्या उजव्या सीटवर बसलेली मुलं आहेत. इथे ते शक्य नाही. नुसते तास मोजूनही भागत नाही. त्यात ५०० तास क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचे), १०० रात्रीचे, ७५ इन्स्ट्रुमेंटचे (बाहेर न पाहता नुसत्या उपकरणांवर) आणि २५० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा प्रमुख, म्हणून हवेत. शिवाय मल्टी-इंजिनचे ५०. तुझे २१५ तास वाया जात नाहीत, ते धरले जातात. पण इथलं कमर्शियल नव्याने चेकराइड (परीक्षकासोबतची उड्डाण परीक्षा) देऊनच घ्यावं लागतं, आणि नेहमीच्या मार्गाने त्यालाच २५० तास लागतात. पुढचे हजार-बाराशे तास बहुतेक जण इन्स्ट्रक्टर होऊन भरतात. पगार तासावर. ढग खाली आले, वारा सुटला, विद्यार्थी आजारी पडला, की त्या दिवशी हातात काहीच नाही. मला सव्वीस महिने लागले. बारा महिन्यांची परवानगी घेऊन येणारा मुलगा मध्येच, सात-आठशे तासांवर, कर्ज डोक्यावर घेऊन परत जातो. असे दोघे माझ्या डोळ्यांसमोर गेले. दोघेही माझ्यापेक्षा चांगलं उडवायचे.

हा १५०० तासांचा नियम कुठून आला ते तुला माहीत असावं. १२ फेब्रुवारी २००९ ला रात्री कोलगन एअरचं फ्लाइट ३४०७ बफेलोजवळ एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जीव गेले. स्टॉलचा, म्हणजे हवेचा प्रवाह तुटून पंखाची उचल जाण्याचा, इशारा आल्यावर कॅप्टनने स्टिक पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढली. चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली: को-पायलट मुलगी आदल्या रात्री सिॲटलहून देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रवास करून ड्युटीला आली होती, कारण तिचं घर तिकडे आणि बेस नेवार्कला. मृतांच्या कुटुंबीयांनी पाठपुरावा केला, २०१० मध्ये कायदा झाला, २०१३ पासून १५०० तासांची अट आली आणि २०१४ पासून विश्रांतीचे नवे नियम. त्या दोघांकडेही १५०० हून जास्त तास होते, म्हणून या अटीवर आजही वाद होतो. माझं मत विचारशील तर विश्रांतीच्या नियमांनी जास्त जीव वाचवले असतील. पण इन्स्ट्रक्टरची दोन वर्षं मला फुकट वाटत नाहीत. विद्यार्थ्याच्या हातून विमान स्टॉल होताना शंभर वेळा पाहिलं, की हात आपोआप पुढे जातो.

आता आयुष्याबद्दल. कामाला लागलास की तुला एक सीनिऑरिटी नंबर मिळतो, आणि पुढचं सगळं त्या नंबरावर ठरतं: बेस कुठला, कुठल्या तारखांना सुट्टी, दिवाळी घरी की हॉटेलात, कॅप्टन कधी. तू किती चांगला पायलट आहेस याला इथे किंमत नाही. तुझ्या आधी कोण लागलं एवढंच मोजतात. निष्ठुर वाटतं, पण त्यामुळे वशिला चालत नाही, आणि बाई म्हणून मला कधी मागे ठेवता आलं नाही.

खालचा नंबर म्हणजे रिझर्व्ह: ठरलेलं वेळापत्रक नाही, कंपनीचा फोन येईल तेव्हा हजर व्हायचं. माझं घर कोलंबसला, बेस शिकागो. पहिली दीड वर्षं मी ओ’हेअर विमानतळाजवळ एका दोन खोल्यांच्या क्रॅशपॅडमध्ये (क्रूने झोपण्यापुरती मिळून भाड्याने घेतलेली जागा) बंक बेडवर झोपायचे; आठ जण, सगळे पायलट नाही तर केबिन क्रू. फोन उशाशी, बॅग दाराशी. पहाटे साडेतीनला फोन वाजला की आधी सगळे आपापला फोन चाचपतात, मग ज्याचा असेल तो उठतो आणि बाकीचे कूस बदलतात. घर ते बेस हा प्रवास स्वतःचा, रिकाम्या सीटवर नाही तर जम्पसीटवर, म्हणजे क्रूसाठीच्या जादा सीटवर. एकदा दोन विमानं भरून गेली, तिसरं बर्फामुळे रद्द झालं, आणि मी वेळेत कळवूनही गैरहजेरी लागली. ती नोंद पुसून घ्यायला युनियनला पाच महिने लागले. म्हणून माझा आग्रह आहे: बेस असेल त्या गावात राहा, खोली लहान असली तरी चालेल.

लाइन मिळाली, म्हणजे महिन्याचं वेळापत्रक आधी ठरलेलं मिळायला लागलं, की जीव शांत होतो. बहुधा चार दिवसांच्या ट्रिप्स, दिवसाला तीन ते पाच लेग, म्हणजे उड्डाणं. नियमाने दोन ड्युटींमध्ये किमान १० तास विश्रांती, त्यात सलग ८ तास झोपेची संधी; २८ दिवसांत १०० तासांहून जास्त उड्डाण नाही, वर्षात १००० हून जास्त नाही. नियम चांगले आहेत. पण १० तासांत हॉटेलची गाडी, जेवण, आंघोळ सगळं येतं.

आणि पगार दार बंद होऊन ब्रेक सुटल्यापासून सुरू होतो, हे इथे यायच्या आधी मला कोणी सांगितलं नव्हतं. जानेवारीत ड्युलुथला पहाटे पावणेपाचला मी विमानाभोवती चक्कर मारत होते, तापमान उणे २२. नाकातला ओलावा श्वासागणिक गोठत होता. खालून टॉर्चने पंख स्वच्छ दिसत होता. शिडीवर चढून हात लावला तर वर साखरेसारखा खरखरीत थर. तेवढ्या थरानेसुद्धा पंखाची उचल कमी होते. डी-आयसिंग, म्हणजे बर्फ काढणारी फवारणी, मागवलं. आधी गरम नारिंगी द्रव, मग वरून घट्ट हिरवा. सगळं मिळून पाऊण तास उशीर. त्यातला गेटवर गेलेला वेळ पगारात धरला गेला नाही. पण त्या पहाटेच्या ५८ प्रवाशांना तो थर माहीतही नव्हता, आणि तो माझ्या हाताला लागला याचं समाधान मला अजून आहे.

पैशाचं चित्र पूर्वीपेक्षा खूप बदललं. २००९ च्या सुमारास नव्या को-पायलटला वर्षाला वीसेक हजार डॉलर मिळायचे. जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या एन्व्हॉय, पीएसए आणि पीडमाँटने नव्या को-पायलटचा दर तासाला ९० डॉलर केला आणि बाकीच्यांनाही हात सैल सोडावा लागला. महिन्याला हमीचे ७५ तास धरले तर वर्षाला ८१ हजार. एकट्या माणसाला नीट पुरतं; पण शाळेचं कर्ज असेल तर पहिला मोठा वाटा तिकडेच जातो.

मोठ्या कंपनीत जाता येतं का? येतं. रीजनल ही इथे पायरीच मानली जाते. मोठ्या कंपन्यांच्या पायलट युनियनच्या करारांमुळे रीजनलला सहसा ७६ सीटपेक्षा मोठं विमान उडवता येत नाही, म्हणजे इथे वाढीला छत आहे. काही कंपन्यांत मालक एअरलाइनमध्ये क्रमाने वर जाण्याची सोय आहे. पण लाटा असतात. २०२२-२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी इतके कॅप्टन उचलले की रीजनल्सकडे डाव्या सीटवर माणूस उरला नाही. कॅप्टन व्हायला एअरलाइनमधले १००० तास हवेत. ते भरले त्या आठवड्यात मला अपग्रेडचा फोन आला. २०२४ मध्ये भरती मंदावली आणि १५०० तास पूर्ण केलेली मुलं ट्रेनिंगच्या तारखेसाठी महिनोन्‌महिने थांबली. मामा सांगतो ती टंचाई त्या आधीची आहे. २०२० तर आणखी वाईट: कंपास, ट्रान्स स्टेट्स आणि एक्सप्रेसजेट एकाच वर्षात बंद पडल्या. तिथल्या वीस-वीस वर्षांच्या कॅप्टनचा नंबर कंपनीबरोबर गेला. दुसरीकडे लागले ते यादीच्या तळाशी. नंबर सोबत नेता येत नाही.

निवृत्तीचं वय ६५ आहे. ६७ करायचा प्रयत्न २०२४ मध्ये इथल्या संसदेत फसला. त्यामुळे वरच्या जागा रिकाम्या होत राहतील. दहा वर्षांच्या हिशोबाने हा धंदा मला चांगला वाटतो. दोन वर्षांच्या हिशोबाने कर्ज काढणाऱ्याला नाही.

तुझ्या जागी मी असते तर घर गहाण टाकलं नसतं. आहे त्या लायसन्सवर भारतातच किंवा आखातात पहिली नोकरी धरली असती, टर्बाइनचे (जेट किंवा टर्बोप्रॉप विमानाचे) तास कमावले असते, आणि अमेरिकेचा कागद वेगळ्या मार्गाने आला तर तेव्हा इथलं एटीपी केलं असतं. तोपर्यंत तुझ्या लॉगबुकात १५०० कधीच ओलांडलेले असतील आणि इन्स्ट्रक्टरची वर्षं लागणारच नाहीत. तरीही यायचंच ठरवलंस, तर फीचा पहिला हप्ता भरण्याआधी एफएएने (अमेरिकेतला विमान वाहतूक नियामक) मान्य केलेल्या डॉक्टरकडून फर्स्ट क्लास मेडिकल करून घे. जुनी औषधं, जुने आजार काहीही लपवू नकोस. नंतर उघडं पडलं तर लायसन्सच जातं.

मला दोन गोष्टी कळव. मामाने तुझ्या आईसाठी कधी अर्ज केला होता का, केला असेल तर कुठल्या साली, आणि तेव्हा तुझं वय काय होतं. त्या साली तुझं नाव अर्जात होतं का हे त्याला जुनी पावती काढून बघायला सांग. आणि बँकेचा कागद अजून सही झालेला नाही ना?