मॉरिशसला संध्याकाळची शिडाच्या बोटीची सफर आणि बोटीवरच जेवण – पैसे वसूल होतात का?

तुमचा प्रश्न असा: कोल्हापूरहून आई-वडिलांना घेऊन मॉरिशसला निघालाय, लगूनमधली (किनारा आणि प्रवाळाची कड यांच्यामधलं उथळ पाणी) संध्याकाळची शिडाच्या बोटीची सफर जेवणासकट घ्यावी का. एजंट म्हणतोय, दिवसभराच्या कॅटामरानमध्ये, म्हणजे दोन पोटांच्या शिडाच्या बोटीत, ते सगळं 'कव्हर' होतं.

नाही होत. दिवसाची कॅटामरान सकाळी नऊच्या सुमाराला सुटते आणि दुपारी साडेतीन-चारपर्यंत तुम्हाला परत किनाऱ्यावर उतरवते. तिथं जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ सातला. चारला रिकामी होणारी बोट कुठला सूर्यास्त दाखवणार, हे एजंटलाच विचारा.

तेव्हा घ्या ती सफर. आणि 'एवढे पैसे कशाला' म्हणणारं कुणी बरोबर असेल तर त्याला हॉटेलवर टीव्ही लावून द्या आणि तुम्ही जा. हे मी रागानं लिहितोय, आणि राग जुना आहे.

आमच्यात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि थोरले साडू-मेव्हणी होती. साडू माणूस चांगला. जमिनीचा, उसाचा कुठलाही व्यवहार त्यांना विचारून करावा. पण हॉटेलच्या काउंटरवर मी बुकिंग करत होतो तेव्हा मागून आवाज आला, "पावणं, रंकाळ्याच्या कठड्यावर बसून भेळ खाल्ली तरी सूर्य त्योच मावळतोय. एवढं पैसं कशापायी घालवाय लागलाय?" सगळे हसले. काउंटरवरच्या बाईला काही कळलं नाही, तीही हसली. मी पैसे भरले. तेव्हापासून घरात कुणाचं बारसं असो, वास्तुशांत असो, जेवायला बसलं की हे वाक्य ताटात वाढलं जातंच.

तर आमच्या रंकाळा तलावाचं आधी निकालात काढतो. मी रंकाळ्याच्या विरोधात नाही, माझं निम्मं लहानपण त्या चौपाटीवर गेलंय. पण चौपाटीवरून बघताना सूर्य पलीकडं शालिनी पॅलेसच्या अंगाला झाडांच्या आणि टेकड्यांच्या मागं जातो. पाण्याला टेकत नाही. पाण्यावर रंग छान पडतो, मान्य. पण सूर्य पाण्यात बुडताना बघणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ज्यानं ती बघितलीच नाही त्यानं दोन्ही सारखंच म्हणू नये. 'बघितलीच नाही' का म्हणतोय ते पुढं येईल.

पाण्यात बुडणारा सूर्य हवा असेल तर बोट कुठल्या किनाऱ्यावरून सुटते ते बघा. हे कुणी सांगत नाही. आपल्याला सवय कोकणची. रत्नागिरीला उभे राहा नाहीतर वेंगुर्ल्याला, सूर्य समुद्रातच जाणार, त्यामुळं समुद्र आला की सूर्यास्त आलाच असं आपण धरून चालतो. मॉरिशस बेट आहे. त्रू दो दूस, इल ओ सेर्फ, ब्लू बे हा भाग पूर्वेला आणि आग्नेयेला. पाणी तिथलं अप्रतिम, पण सूर्य तुमच्या पाठीमागं बेटावरच्या डोंगराआड जातो. तुम्हाला पाहिजे पश्चिमेची बाजू: ल मॉर्न, ब्लॅक रिव्हर, तामारिन, फ्लिक आँ फ्लाक. आम्ही ब्लॅक रिव्हरच्या बाजूनं गेलो. तिथून खाली ल मॉर्नचा डोंगर दिसतो, ५५६ मीटरचा, सरळ समुद्राच्या कडेला उठलेला. पळून आलेले गुलाम तिथं लपून राहायचे, म्हणून २००८ साली तो जागतिक वारसा यादीत गेला. संध्याकाळच्या उन्हात तो कडा लालसर होतो. सासरे सूर्यापेक्षा त्याच्याकडंच जास्त वेळ बघत होते. पन्हाळा-विशाळगड पायी केलेला माणूस, कडा दिसला की चढायची वाट शोधायला लागतो.

बोटीत चढताना सगळ्यांच्या चपला काढून एका टोपलीत ठेवतात. साडूंनी खास प्रवासासाठी नवी कोल्हापुरी घेतली होती, कापशी, चांगली कर्रकर्र वाजणारी. ती भिजेल म्हणून त्यांचं निम्मं लक्ष त्या टोपलीत. उरलेलं निम्मं कुठं होतं ते सांगतोच.

तुम्ही 'शिडाची बोट' म्हणून पैसे भरणार, म्हणून आधी शिडाचं. सुटल्यापासून बोट इंजिनावरच चालली होती. आमची बोटही कॅटामरानच, दोन पोटं, मध्ये पुढच्या बाजूला जाळी ताणलेली, तिच्यावर लोक लोळतात. डोलकाठी उभी, शीड गुंडाळलेलं, आणि खाली डिझेलची घरघर. मी विचारलं तर बोटीवरचा पोरगा म्हणाला, वारा नाही. तो खोटं बोलत नव्हता. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते ना, तेच. दिवसा जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो. रात्री उलटं. ऊन उतरण्याच्या वेळेला एक वारा पडलेला असतो आणि दुसरा अजून सुटायचा असतो, आणि सफर नेमकी त्याच वेळेची. त्यात तिथला मुख्य वारा आग्नेयेकडून येणारा, आणि पश्चिम बाजू डोंगरांच्या आडोशाला. म्हणून ती बाजू शांत, आणि म्हणूनच तिथं शीड बऱ्याचदा शोभेला. तरी मी कप्तानाच्या मागं लागलो. त्यानं खांदे उडवले, पुढचं शीड सोडलं आणि इंजिन बंद केलं. बोट अगदी सावकाश, पण चालली. डिझेलचा वास गेला. लांबवर प्रवाळाच्या कडेवर लाटा फुटत होत्या, त्यांची गाज ऐकू यायला लागली. तेवढ्यासाठी मी दुप्पट पैसे दिले असते. तेव्हा बुकिंग करताना स्पष्ट विचारा: वारा असला तर शीड सोडणार का, आणि किती वेळ इंजिन बंद ठेवणार?

ती प्रवाळाची कड तुमच्या आई-वडिलांसाठी सगळ्यात महत्त्वाची. बेटाला जवळजवळ सगळीकडून ती आहे. दक्षिणेला ग्री-ग्रीसारख्या ठिकाणी ती नाही, तिथं लाटा थेट कड्यावर येऊन आपटतात, बघायला जाच. बाकी ठिकाणी लाटा कडेवर फुटतात आणि आतलं लगून उथळ, निवांत राहतं. बोट आत आहे तोवर पोटातलं पाणी हलत नाही. पण काही बोटी कडेतल्या फटीतून बाहेर मोकळ्या समुद्रात जातात आणि तिथं डुलायला लागतात. म्हणून दुसरा प्रश्न: सफर पूर्ण लगूनच्या आत आहे का? ज्यांना बस लागते त्यांनी निघायच्या तासभर आधी अॅव्होमिन घ्यावी. तिनं झोप येते आणि तिच्यावर दारू चालत नाही, हे बोटीवर फुकटची रम समोर आली की लोक विसरतात.

आता साडूंचं ते उरलेलं निम्मं लक्ष. सूर्य पाण्यापासून हातभर वर असताना मागून हाक आली, जेवण तयार. मागच्या कठड्याला शेगडी लावलेली, तिच्यावर चिकन, मासा, सॉसेज. चिकनचा वास सुटल्यावर नवरात्रात अंबाबाईला लागावी तशी रांग लागली. कप्तानानं बोटीचं नाक पश्चिमेला धरलेलं, शेगडी मागं. म्हणजे रांगेतल्या प्रत्येकाची पाठ सूर्याकडं. सूर्याची कड पाण्याला लागल्यापासून तो पूर्ण बुडेपर्यंत तिथं जेमतेम अडीच मिनिटं लागतात. त्या उष्ण पट्ट्यात तो तिरका रेंगाळत नाही, जवळजवळ सरळ खाली जातो, आणि पुढच्या पंचवीसेक मिनिटांत अंधार. आम्ही दोघं आणि सासरे जाळीवर बसून होतो. बायकोनं फोनसुद्धा काढला नाही, आणि ही बाई चहाच्या कपाचा फोटो काढते. सूर्य गेला, पाणी आधी तांब्याच्या रंगाचं आणि मग जांभळं झालं, आणि साडू दोन लेग पीस असलेली प्लेट घेऊन पुढं आले. म्हणाले, "झालं?"

हे 'झालं?' विचारणारे गृहस्थ घरी येऊन सांगतात की त्यात काही बघण्यासारखं नव्हतं. पावणं, तुम्ही चिकन बघत होता! चिकनचा हिशोब तुम्ही मांडा, तुमचा हक्क आहे. सूर्याचा मांडू नका.

दोष बोट चालवणाऱ्यांचाही आहेच. जेवण अर्ध्या तासानं वाढलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यांनाही लवकर आवरून घरी जायचं असतं, दुसरं काही कारण नाही. म्हणून तिसरा प्रश्न विचारायचाच: ताट सूर्य मावळायच्या आधी वाढता की नंतर? 'आधी' म्हणाले तर दुसरी बोट बघा. दुसरी नसेल तर रांगेत जाऊ नका, चिकन उरतं. फार तर गार मिळेल. चव तशीही फिकीच. गरम खाल्लं म्हणून तांबड्या रश्श्याची सर येणार नव्हती. कांदा-लसूण चटणीची डबी खिशात ठेवा.

सासूबाईंनीही सूर्यास्त बघितला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्यांचं प्रकरण वेगळं. प्लेटा देणारा पोरगा आमचं मराठी भांडण कान देऊन ऐकत होता. मग त्यानं सासूबाईंना थांबत थांबत, शब्द जुळवत सांगितलं, आजी घरी मराठी बोलायची. १८३४ पासून ऊस तोडायला तिकडं जी मजूर माणसं नेली, त्यांत आपल्या बाजूचीही होती. पोर्ट लुईला ती उतरायची तो आप्रवासी घाट आजही आहे, आई-वडिलांना तिथं न्याच. गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. पोराला 'सुखकर्ता दुखहर्ता' अख्खी पाठ. सासूबाईंनी त्याच्याकडून ती म्हणून घेतली, एका ठिकाणी चूक दुरुस्त केली आणि घरात कोण कोण आहे ते सगळं विचारून घेतलं. त्यांचा सूर्य तिकडं परस्पर मावळला. त्यांची काही तक्रार नाही. (साडू म्हणतात, आरती म्हणणारे रंकाळ्यावरही ढिगानं मिळतात. या माणसाशी वाद घालून उपयोग नाही, तरी मी घालतो.)

पैशांचं. तिथंही रुपयेच असल्यामुळं पाटीवरचा आकडा आपला वाटतो. तसा धरू नका, त्यांचा एक रुपया आपल्या दीड रुपयाहून महाग आहे. गुणाकार करून मगच ठरवा. बसतच नसेल गणितात तर देवबागला जा. फोंडा घाट नाहीतर गगनबावडा उतरलात की दुपारी मालवणात. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं संध्याकाळी बोट फिरवतात. इंजिनाची, शिडाची नाही, आणि जेवण किनाऱ्यावर येऊन घरगुती खानावळीत. आणि खरं सांगू का, जेवण तिथलंच उजवं. फक्त पावसाळ्यात बोटी बंद असतात. पणजीची मांडवीवरची क्रूझ मात्र यात मोजू नका. ती नदी आहे आणि वर गाण्यांचा दणका. ज्यांना नाचायचंय त्यांच्यासाठी ठीक.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, आता आठवल्या. जून ते ऑगस्ट तिथं हिवाळा, सूर्य गेल्यावर बोटीवर चांगलंच गार वाजतं. आईंना शाल, वडिलांना कानटोपी. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस, तेव्हा सफर रद्द झाली तर पैसे परत का पुढची तारीख, हे आधी लिहून घ्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर बोट धक्क्याला लागते का छोट्या होडीतून नेऊन चढवतात ते विचारा. होडीतून शिडीवर पाय टाकणं साठीपुढच्या माणसाला सोपं नाही. अंधारात परत येताना बोट मुंगीच्या पावलानं येते. पाण्याखालची प्रवाळं दिसत नाहीत, म्हणून ठरलेल्या वाटेनंच यावं लागतं. घाई करायला सांगू नका. डॉल्फिन दिसतील म्हणून कुणी संध्याकाळची सफर विकत असेल तर हसून सोडा, तामारिनला ते बघायला भल्या सकाळी जातात.

आणि घरात कुणी शाकाहारी असेल तर ते बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. आम्ही तोंडी सांगितलं होतं. सासूबाईंचा गुरुवार होता आणि त्यांच्या वाट्याला काकडी, पाव आणि अननसाच्या दोन फोडी आल्या.